सांध्यातील इंजेक्शन : सुई टोचल्यानंतरचे दिवस

शारीरिक श्रम हाच ज्यांच्या चरितार्थाचा आधार आहे, त्यांच्या दृष्टीने गुडघा, खांदा किंवा मनगट दुखू लागणे ही केवळ प्रकृतीची तक्रार राहत नाही. ती घरच्या उत्पन्नाची तक्रार होते. नंदुरबार जिल्ह्यातील धानोरा व त्यासारख्या गावांकडे पाहिले म्हणजे ही गोष्ट सहज ध्यानात येते. कापसाची वेचणी, मिरचीची तोडणी, निंदणी, डोक्यावरून पाणी व सरपण वाहणे आणि दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणे, या सर्व कामांत गुडघ्यांवर व कमरेवर सतत भार येतो. तासन् तास उकिडवे बसून काम करणाऱ्या स्त्रियांचे गुडघे तर तुलनेने लवकर झिजू लागतात.

अशा रुग्णांपैकी काहींना अस्थिरोगतज्ज्ञ सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेण्याचा सल्ला देतात. या उपचाराविषयी समाजात दोन टोकांची मते आढळतात. एका मताप्रमाणे ही सुई म्हणजे सांध्याचा कायमचा नाश. दुसऱ्या मताप्रमाणे एक सुई घेतली की गुडघा पूर्ववत झाला. दोन्ही मते चुकीची आहेत आणि दोन्हींमुळे नुकसान होते. सुई टोचल्यानंतर सांध्यात काय घडते, कोणते दुखणे अपेक्षित असते, कोणते धोक्याचे असते आणि मिळालेल्या आरामाचा उपयोग कसा करावयाचा, हे रुग्णाला आधी समजले तर यांतील पुष्कळसे नुकसान टळू शकते. गावात ज्यांच्या शब्दाला वजन असते अशा शिक्षकांनी, ग्रामसेवकांनी व पंचायत सदस्यांनी म्हणूनच हा विषय समजून घेणे अगत्याचे आहे.

औषधाचा पूर्वेतिहास

स्टेरॉइड हा शब्द भीतिदायक वाटत असला तरी या गटातील मूळ द्रव्य आपल्या शरीरातच तयार होते. मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी ते निर्माण करतात. संधिवाताच्या काही रुग्णांच्या वेदना कावीळ झाली असता किंवा गरोदरपणात कमी होतात, असे अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. फिलिप हेंच यांच्या निदर्शनास आले होते. त्यामागे शरीरातीलच एखादे द्रव्य असावे, असा त्यांचा तर्क होता. सप्टेंबर १९४८ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिझोन दिले आणि काही दिवसांतच ती चालू-फिरू लागली. या संशोधनाबद्दल १९५० चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक हेंच, एडवर्ड केंडल व तादेउश राइखस्टाइन यांना मिळाले.

तथापि हे औषध दीर्घकाळ पोटातून दिल्यास हाडे ठिसूळ होणे, साखर वाढणे, जंतूंचा प्रतिकार करण्याची शक्ती घटणे असे परिणाम दिसू लागले. तेव्हा संपूर्ण शरीराला औषध देण्याऐवजी दुखऱ्या सांध्यातच ते थोड्या प्रमाणात सोडावे, हा विचार पुढे आला. १९५१ मध्ये फिलाडेल्फियाचे डॉ. जोसेफ हॉलंडर यांनी हायड्रोकॉर्टिझोनची सांध्यातील इंजेक्शने दिल्याचे प्रसिद्ध केले. आज बहुधा मिथाइलप्रेडनिसोलोन किंवा ट्रायअ‍ॅम्सिनोलोन ही त्याच कुळातील औषधे वापरली जातात. ती पाण्यात सहजासहजी विरघळत नाहीत. त्यांचे सूक्ष्म कण सांध्यात राहून हळूहळू काम करतात. गुडघ्यासारख्या मोठ्या सांध्यात साधारणतः ४० मिलिग्रॅम औषध देतात. बोटांच्या लहान सांध्यांना १० मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी पुरते.

हे औषध दाह शमवते. सांध्याच्या आतील अस्तर सुजलेले असते, तेथील सूज व वेदना त्यामुळे कमी होतात. झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरण, मात्र ते पुन्हा तयार करीत नाही. ‘सुईने वंगण भरले’ असे जे बोलले जाते ते या औषधाच्या बाबतीत खरे नाही.

कोणास द्यावे, कोणास देऊ नये

गुडघ्याची झीज होऊन आलेली सूज, संधिवात, वातरक्त, आखडलेला खांदा अशा विकारांत तज्ज्ञाच्या विचाराने हे इंजेक्शन दिले जाते. ते देण्यापूर्वी सांधा का दुखतो याचे निदान होणे ही पहिली अट आहे. सांध्यात किंवा वरच्या कातडीत जंतुसंसर्ग असेल, जवळचे हाड मोडलेले असेल, तर हे इंजेक्शन देत नाहीत. एकच सांधा महिनोन् महिने सुजलेला आहे, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन घटत आहे, अशी लक्षणे असल्यास सांध्याच्या क्षयाची शंका घेऊन आधी तपासणी करावी लागते. क्षयाच्या सांध्यात नुसते स्टेरॉइड सोडल्यास वेदना काही काळ कमी होईल आणि आत रोग बळावत राहील.

म्हणूनच रुग्णाने काही गोष्टी डॉक्टरांना आपण होऊन सांगितल्या पाहिजेत : मधुमेह, रक्तदाब, पूर्वीचा क्षयरोग, सिकलसेल, रक्त पातळ करणारी औषधे, एचआयव्हीवरील औषधे, कोणत्याही औषधाची अ‍ॅलर्जी, गर्भारपण, नजीकच्या काळात ठरलेली शस्त्रक्रिया आणि पूर्वी घेतलेली अशीच इंजेक्शने. ज्या सांध्याचे रोपण व्हावयाचे आहे त्या सांध्यात शस्त्रक्रियेपूर्वीच्या तीन महिन्यांत असे इंजेक्शन टाळतात, कारण त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

प्रत्यक्ष क्रियेला काही मिनिटे लागतात. त्वचा जंतुनाशकाने स्वच्छ करतात, सांध्यात साचलेले पाणी असल्यास ते काढतात, गरज वाटल्यास तपासणीसाठी पाठवितात आणि मग औषध सोडतात. उपाशी राहण्याची जरुरी नसते व रुग्ण त्याच दिवशी घरी जाऊ शकतो. जाताना सोबत कोणीतरी असावे. स्वतः मोटारसायकल चालवीत येऊ नये.

पहिले काही तास : फसवा आराम

पुष्कळदा स्टेरॉइडबरोबर लिग्नोकेनसारखे बधिर करणारे औषध मिसळलेले असते. त्यामुळे दवाखान्यातून बाहेर पडतानाच गुडघा हलका वाटू लागतो. हा आराम स्टेरॉइडचा नसून बधिरतेचा असतो व काही तासांत तो ओसरतो. संध्याकाळी किंवा रात्री दुखणे परत आले म्हणजे रुग्णाला वाटते की सुई वाया गेली. प्रत्यक्षात मुख्य औषधाने अद्याप काम सुरू केलेले नसते.

या काही तासांतच एक मोठी चूक होण्याचा संभव असतो. वेदना नाही म्हणून मनुष्य बाजार करतो, ओझे उचलतो, शेतावर जातो. वेदना ही सांध्याची राखण करणारी सूचना आहे. ती बधिर झालेली असताना सांध्यावर भार टाकणे म्हणजे राखणदार झोपला असता दार उघडे टाकणे होय. म्हणून त्या दिवशी घरातल्या घरात आवश्यक तेवढेच चालावे.

पहिले दोन-तीन दिवस : वाढलेले दुखणे

काही रुग्णांचा सांधा इंजेक्शननंतर काही तासांतच पूर्वीपेक्षा अधिक दुखू लागतो, किंचित सुजतो व गरम लागतो. औषधाच्या सूक्ष्म कणांमुळे अस्तराला होणारा हा तात्पुरता क्षोभ होय. शंभर रुग्णांपैकी साधारणतः दोन ते दहा जणांना तो होतो, असे वैद्यकीय ग्रंथांत नमूद आहे. तो बहुधा पहिल्या दिवशीच सुरू होतो आणि ४८ ते ७२ तासांत आपोआप शमतो.

अशा वेळी सांध्याला विश्रांती द्यावी. स्वच्छ फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा शेक द्यावा. बर्फ न मिळाल्यास माठातील गार पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याची घडी ठेवावी. डॉक्टरांनी सांगितलेली पॅरासिटामोलची गोळी घ्यावी. गरम शेक, जोराचे मालीश, झाडपाल्याचा लेप आणि डाग देणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत. सुईच्या छिद्रातून जंतू आत शिरू नयेत म्हणून पहिल्या दिवशी ती जागा कोरडी ठेवावी आणि दोन दिवस नदीच्या वा विहिरीच्या पाण्यात उतरू नये.

याच काळात काहींचा चेहरा व छाती लाल होते, अंग गरम झाल्यासारखे वाटते. एखाद्या रात्री झोप लागत नाही. स्त्रियांची मासिक पाळी त्या महिन्यात मागेपुढे होऊ शकते. रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव झाल्यास मात्र तो इंजेक्शनमुळेच असेल असे गृहीत न धरता तपासणी करून घ्यावी. बाकीची लक्षणे बहुधा आपोआप निवळतात; परंतु आधी कल्पना नसल्यास घाबरवून सोडतात.

पहिला आठवडा आणि त्यानंतर

स्टेरॉइडचा खरा आराम बहुतेकांना दोन ते सात दिवसांत जाणवू लागतो. काहींना थोडा अधिक वेळ लागतो. हा आराम काही आठवडे टिकतो, क्वचित तीन महिन्यांपर्यंत. काहींना तो मुळीच मिळत नाही. पहिली सुई योग्य जागी देऊनही उपयोग झाला नाही, तर लगेच दुसरी घेण्याचा आग्रह न धरता निदानाचा पुन्हा विचार व्हावा, हे शहाणपणाचे.

पहिले एक-दोन दिवस विश्रांती आणि त्यानंतर साधारण एक ते दोन आठवडे जड कामापासून दूर राहणे, हा सर्वसाधारण नियम मानावा. घरातील हलकी कामे, सपाटीवरून चालणे यांस हरकत नसते. उकिडवे बसणे, ओझे घेऊन चढउतार करणे, उसाची मोळी उचलणे ही कामे मात्र थांबवावीत.

काही आठवड्यांनंतर सुई टोचलेल्या जागी त्वचा फिकट पडल्याचे किंवा तेथे छोटा खळगा पडल्याचे आढळते. औषध त्वचेखालच्या चरबीत झिरपल्यामुळे असे होते. हा कोडाचा रोग नव्हे व तो कोणाला लागत नाही. अनेकांच्या बाबतीत काही महिन्यांत तो कमी होतो. याची कल्पना नसल्यामुळे एखाद्या तरुण मुलीच्या बाबतीत गावात नाहक कुजबुज होऊ शकते, म्हणून हा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे.

धोक्याची खूण कशी ओळखावी

या उपचारातील सर्वांत गंभीर धोका म्हणजे सांध्यात जंतूंचा शिरकाव होणे. काळजीपूर्वक दिलेल्या इंजेक्शननंतर तो फार विरळा असतो. काही हजार इंजेक्शनांमागे एखाद्या वेळी असे घडते. पण घडले तर काही दिवसांतच कूर्चेची कायमची हानी होते, आणि विष रक्तात पसरल्यास प्राणावर बेतू शकते. म्हणून साधा क्षोभ आणि जंतुसंसर्ग यांतील फरक प्रत्येक घरात माहीत असला पाहिजे.

साधा क्षोभ पहिल्या दिवशी सुरू होतो आणि दिवसागणिक उतरत जातो. जंतुसंसर्ग बहुधा एक-दोन दिवस गेल्यानंतर, पुष्कळदा तिसऱ्या-चौथ्या दिवशी किंवा त्याहूनही उशिरा डोके वर काढतो आणि दिवसागणिक चढत जातो. पहिल्यात अंगात ताप नसतो. दुसऱ्यात ताप व थंडी वाजून येणे संभवते. पहिल्यात सांधा दुखत असला तरी थोडाफार हलविता येतो; दुसऱ्यात जराही हलवू देत नाही, पायावर भार टाकणे अशक्य होते. तथापि स्टेरॉइडमुळे तापाची व सुजेची लक्षणे काही प्रमाणात झाकली जातात, हेही विसरता कामा नये. ताप नाही, एवढ्यावरून निर्धास्त राहू नये.

थोडक्यात, तीन दिवसांनंतरही वाढत जाणारे दुखणे, ताप, वाढती लाली व सूज, सुईच्या जागेतून पाणी अथवा पू येणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. घरात शिल्लक असलेल्या किंवा दुकानातून आणलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या आधी घेऊ नयेत. सांध्यातील पाणी तपासण्यापूर्वी अशा गोळ्या पोटात गेल्या तर कोणता जंतू आहे हे शोधणे अवघड होते. वाहनाची सोय नसल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मागवावी. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून उपलब्ध आहे. इंजेक्शननंतर लगेचच श्वास लागणे, ओठ-चेहरा सुजणे, अंगावर गांधी उठणे ही अ‍ॅलर्जीची लक्षणे होत. तेव्हा तर क्षणाचाही विलंब परवडणारा नसतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना याच संदर्भात एक सूचना द्यावीशी वाटते. टोळी निघण्याच्या आदल्या दिवशी इंजेक्शन घेऊन ट्रकमध्ये बसणे अत्यंत धोक्याचे आहे. विश्रांतीचे दिवस प्रवासात व कोयत्यात जातात, आणि धोक्याची लक्षणे दिसू लागतात तेव्हा मनुष्य परप्रांतातील फडात, अनोळखी मुलखात असतो. इंजेक्शन घ्यावयाचेच असेल तर निघण्यापूर्वी किमान पंधरा दिवस आधी घ्यावे, किंवा परत आल्यावर घ्यावे. तपासणीचे कागद मात्र नेहमी बरोबर न्यावेत.

मधुमेह व रक्तदाब

सांध्यात सोडलेल्या औषधाचा काही अंश रक्तात उतरतोच. त्यामुळे मधुमेही व्यक्तीची रक्तातील साखर काही तासांतच वाढू लागते आणि अनेक दिवस, क्वचित आठवडाभर, वाढलेली राहू शकते. अशा रुग्णांनी त्या आठवड्यात साखर अधिक वेळा तपासावी आणि चालू औषधे बंद करू नयेत. खूप तहान, वारंवार लघवी, ग्लानी अशी लक्षणे दिसल्यास डॉक्टरांकडे जावे. साखर मुळातच आटोक्यात नसेल तर आधी ती आटोक्यात आणावी, मग इंजेक्शनाचा विचार करावा. रक्तदाबही काहींचा तात्पुरता वाढतो. आपल्याला मधुमेह आहे हे ज्यांना ठाऊकच नाही असे लोक खेड्यांत थोडे नाहीत. म्हणून चाळिशीपुढील रुग्णाची साखर इंजेक्शनपूर्वी एकदा तपासणे इष्ट होय.

सिकलसेल : या जिल्ह्याचा विशेष प्रश्न

नंदुरबार जिल्ह्यात या विषयाचा विचार सिकलसेलला वगळून करता येणार नाही. सातपुड्याच्या या परिसरातील भिल्ल, पावरा आदी समाजांत हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या भागात झाली. या विकारात तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या व ताठर होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांना व सांध्यांना रक्त मिळेनासे होऊन असह्य वेदना उठतात. मांडीच्या हाडाचे वरचे टोक रक्ताअभावी मृत होणे, हा तर या रुग्णांत वारंवार दिसणारा प्रकार आहे. त्यामुळे तरुण वयातच लंगडणे सुरू होते.

बाहेरून पाहता हीदेखील ‘सांधेदुखी’च असते. परंतु येथे स्टेरॉइडचे इंजेक्शन हा उपाय नव्हे. उलट स्टेरॉइडमुळे सिकलसेलच्या रुग्णास वेदनांचा तीव्र झटका आल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. सांध्यातील इंजेक्शननंतर असे घडल्याचेही नमूद आहे. शिवाय या रुग्णांची हाडे व सांधे जंतुसंसर्गास लवकर बळी पडतात. म्हणून ज्याला सिकलसेलचा आजार आहे त्याने सांध्यातील कोणत्याही इंजेक्शनपूर्वी आपले कार्ड किंवा तपासणीचा कागद डॉक्टरांना दाखविलाच पाहिजे. आणि ज्याची तपासणी झालेली नाही अशा तरुणाने आधी रक्ततपासणी करून घेतली पाहिजे. इंजेक्शननंतर छातीत दुखणे, धाप लागणे, ताप किंवा हातापायांत एकाएकी तीव्र वेदना सुरू झाल्यास ती आणीबाणी समजावी.

येथे वाहक आणि रुग्ण यांतील भेदही समजून घ्यावयास हवा. आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच हा गुणधर्म आलेली व्यक्ती वाहक असते व तिला सहसा त्रास होत नाही. दोघांकडूनही तो आल्यास आजार होतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानास प्रारंभ झाला. २०४७ पर्यंत या आजाराचे निर्मूलन करण्याचे उद्दिष्ट त्यात ठरविण्यात आले असून वय वर्षे ४० पर्यंतच्या व्यक्तींच्या तपासणीवर भर देण्यात आला. तपासणीत मिळालेले कार्ड लग्नाच्या वेळी जितके उपयोगी, तितकेच ते दवाखान्याच्या दारातही उपयोगी आहे, ही गोष्ट लोकांच्या मनावर ठसली पाहिजे.

किती वेळा घ्यावे?

एकाच सांध्यात दोन इंजेक्शनांमध्ये किमान तीन महिन्यांचे अंतर असावे आणि वर्षातून तीन-चारपेक्षा अधिक इंजेक्शने घेऊ नयेत, असा सर्वसाधारण संकेत आहे. तो कमाल मर्यादा सांगतो. तितकी घ्यावीतच असा त्याचा अर्थ नाही. अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गुडघ्याची झीज असलेल्या १४० रुग्णांची पाहणी झाली. अर्ध्यांना दर तीन महिन्यांनी ट्रायअ‍ॅम्सिनोलोन आणि अर्ध्यांना नुसते मिठाचे पाणी, असे दोन वर्षे देण्यात आले. अखेरीस दोन्ही गटांतील वेदनांत लक्षणीय फरक आढळला नाही. स्टेरॉइडच्या गटात कूर्चेची झीज मात्र अधिक आढळली. वारंवार इंजेक्शने घेतल्यास शरीरातील नैसर्गिक स्टेरॉइडची निर्मितीही काही काळ मंदावते. स्नायुरज्जूत औषध गेल्यास तो तुटू शकतो. म्हणून टाचेच्या मागील रज्जूत असे इंजेक्शन देत नाहीत.

मग या उपचाराचा उपयोग तरी काय, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर असे की, सुईमुळे मिळणारे चार-सहा आठवडे ही एक उसनवारी आहे. त्या अवधीत मांडीचे स्नायू बळकट केले, वजन अधिक असल्यास कमी केले, बसण्या-उठण्याच्या सवयी बदलल्या, तर ती उसनवारी कारणी लागते. तो अवधी पूर्वीसारखेच ओझे वाहण्यात घालविला, तर सांध्याच्या खात्यावर तूटच वाढते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासात १५६ रुग्णांपैकी काहींना इंजेक्शने व काहींना व्यायामोपचार देण्यात आले. वर्षअखेर व्यायामोपचार घेतलेल्यांची वेदना कमी व हालचाल अधिक चांगली असल्याचे दिसले.

व्यायामासाठी कोणत्याही साधनाची आवश्यकता नाही. खाटेवर किंवा ओट्यावर पाय सोडून बसावे, एक पाय गुडघ्यात सरळ करावा, पाच आकडे मोजेपर्यंत तसाच ताणून धरावा व हळूच खाली घ्यावा. असे दहा वेळा प्रत्येक पायाने, सकाळ-संध्याकाळ करावे. इंजेक्शननंतरचा क्षोभ शमल्यावर, डॉक्टरांच्या संमतीने यास आरंभ करावा. निंदणी-तोडणीच्या वेळी उकिडवे बसण्याऐवजी लहान पाटाचा किंवा बुटक्या स्टुलाचा उपयोग करणे, ओझ्याचे दोन भाग करून दोन खेपा करणे, हेही उपचाराचेच भाग होत.

सुई कोणाच्या हातची?

सांध्यात दिलेले इंजेक्शन आणि दंडात किंवा कमरेत दिलेली ‘दुखण्याची सुई’ यांत लोक फरक करीत नाहीत. काही अनधिकृत व्यक्ती आठवडी बाजारात किंवा घरोघर फिरून स्टेरॉइडची सुई टोचतात अथवा पुड्यांतून ते देतात. दोन दिवस अंग हलके वाटते, भूक लागते, आणि त्या व्यक्तीचा लौकिक वाढतो. परंतु अशा वारंवारच्या वापराने साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात आणि क्षयासारखा दबलेला रोग उसळतो. फार दिवस अशा पुड्या घेतल्या असतील तर त्या एकदम बंद न करता डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी कराव्या लागतात, हेही ध्यानात ठेवावे.

स्टेरॉइडची इंजेक्शने नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. नोंदणीविना वैद्यकीय व्यवसाय करणे हा महाराष्ट्र वैद्यकीय व्यवसायी अधिनियम, १९६१ खाली गुन्हा आहे. सांध्यातील इंजेक्शन तर निर्जंतुक व्यवस्थेत, प्रशिक्षित हातानेच दिले गेले पाहिजे. या जिल्ह्यात त्यासाठी नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयातील अस्थिरोग विभागाचा सल्ला घेता येतो. इंजेक्शन दिल्यावर औषधाचे नाव, मात्रा, कोणता सांधा व तारीख एवढ्या चार गोष्टी कागदावर लिहून मागणे हा रुग्णाचा अधिकार आहे. पुढचे इंजेक्शन केव्हा द्यावे हे त्या कागदाशिवाय कोणताही डॉक्टर नीट ठरवू शकत नाही.

गावपातळीवर काय करता येईल?

ग्रामसभेत आरोग्याचा विषय निघतो तेव्हा बहुधा इमारत, औषधांचा साठा आणि रिक्त पदे यांवर चर्चा होते. ती आवश्यकच आहे. परंतु त्याबरोबर काही साध्या गोष्टी कोणत्याही खर्चाशिवाय करता येण्यासारख्या आहेत. आशा कार्यकर्तीने आपल्या भागात ज्याला असे इंजेक्शन मिळाले आहे त्याच्या घरी पहिल्या दिवसानंतर, चौथ्या दिवशी आणि आठवड्याने अशी तीनदा विचारपूस करावी. चौथ्या दिवसाची भेट विशेष महत्त्वाची, कारण धोक्याची लक्षणे बहुधा त्याच सुमारास दिसू लागतात. पंचायत सदस्यांनी ऊसतोडीचे मुकादम व टोळीप्रमुख यांना निघण्यापूर्वी बोलावून आजारी मजुरांची माहिती घ्यावी. बाजारात सुया टोचणाऱ्यांची माहिती तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना कळवावी.

शिक्षकांचे स्थान याहून मोठे आहे. दवाखान्यातील कागद मराठीत वा इंग्रजीत असतो आणि घरातील बोली भिली, पावरी किंवा अहिराणी असते. डॉक्टरांनी काय सांगितले ते घरच्या भाषेत समजावून देणारा मनुष्य गावात पुष्कळदा शिक्षकच असतो. ‘तीन दिवसांत उतरते ते दुखणे सोसावे, तीन दिवसांनंतर चढते ते दुखणे दाखवावे’ एवढे एकच वाक्य त्यांनी मुलांकरवी घरोघर पोहोचविले, तरी एखाद्याचा गुडघा आणि कदाचित एखाद्याचा जीव वाचेल. वारंवार सांधे दुखतात म्हणून शाळा बुडविणाऱ्या मुलाला आळशी न ठरविता त्याची सिकलसेलची तपासणी झाली आहे काय, हेही त्यांनी पाहावे.

सांध्यातील इंजेक्शन हे भिण्याचे कारण नाही आणि सर्व दुखण्यांवरचा तोडगाही नाही. योग्य निदान, योग्य हात आणि नंतरचे काही दिवस सांभाळण्याची तयारी असेल तर ते श्रमणाऱ्या माणसाला काही आठवड्यांचा आराम देऊ शकते. तो आराम वाया जाऊ न देणे हे मात्र रुग्णाच्या, त्याच्या कुटुंबाच्या आणि काही अंशी त्याच्या गावाच्याही हाती आहे.